तीन आठवड्यांनी आलेला फोन: बेळगाव-चंदगड सीमेवरच्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावात गाड्यांची कागदपत्रं करून देणाऱ्या माझ्यासारख्याकडे लोक दोनदा येतात. एकदा सौदा ठरल्यावर, आणि एकदा सौदा बिघडल्यावर. हे दुसऱ्या वेळचं आहे. दोन्ही बाजूंना विचारून लिहितो आहे. नावं आणि गाडीची कंपनी काढून टाकली आहे, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत.

विकणारे निवृत्त शिक्षक, घर वडगावच्या बाजूला. त्यांना गुरुजी म्हणू. घेणारे चंदगड तालुक्यातले, काजूच्या कारखान्यात सुपरवायझर, वय तिशीच्या आसपास. गुरुजी त्यांना पहिल्यापासून 'पाहुणे' म्हणायचे आणि भांडण टिपेला पोचलं तेव्हाही म्हणत राहिले, म्हणून इथेही पाहुणेच.

गाडी २०१४ची, डिझेलवरची लहान गाडी, केए-२२ (बेळगाव) पासिंग, पहिला मालक, मीटरवर ९४ हजार किलोमीटर. नोव्हेंबर २०२४मध्ये, दिवाळी आटोपल्यावर, २ लाख ८५ हजारांना सौदा झाला. मध्ये दलाल नव्हता. गुरुजींच्या जावयाने ऑनलाइन जाहिरात टाकली होती: 'सिंगल ओनर, घरची गाडी, टॉप कंडिशन, एक रुपयाचं काम नाही.' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगाला येणार आहे. ते गुरुजींनी लिहिलेलं नव्हतं आणि वाचलेलंही नव्हतं.

पाहुणे गावाकडचा ओळखीचा मिस्त्री घेऊन आले. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, इंजिनाचा आवाज ऐकला, धूर बघितला, वडगाव-येळ्ळूर रस्त्यावर एक फेरी मारली आणि मान डोलावली. दहा हजार इसार तिथेच दिला, उरलेले पैसे दोन दिवसांनी बँकेतून. गुरुजींनी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र), दोन्ही किल्ल्या आणि विम्याची पॉलिसी हातात दिली. बाँडवर, म्हणजे विक्रीच्या करारावर, तो नेहमीचा छापील मजकूर: 'गाडी आहे त्या स्थितीत विकली, आज या तारीख-वेळेपासून पुढील सर्व जबाबदारी घेणाराची.'

एक काम मागे राहिलं. गाडीवरचं कर्ज २०१८लाच फिटलं होतं, पण आरसीवरची बँकेची नोंद, म्हणजे आपण ज्याला एचपी म्हणतो ती, कोणी काढलीच नव्हती. बँकेचं पत्र फाइलीत पिवळं पडत होतं. गाडी महाराष्ट्रात जाणार म्हणजे बेळगाव आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) हवी, आणि एचपी असताना एनओसीचं काम पुढे सरकत नाही. 'आठवड्यात करून देतो,' असं गुरुजी म्हणाले. पाहुण्यांनाही घाई नव्हती. 'केएचा नंबर आमच्यात वर्षभर चालतोय की ओ,' हे त्यांचं उत्तर.

सीमेवरच्या निम्म्या भानगडी या एका समजुतीतून निघतात. बारा महिन्यांची सवलत आहे ती नंबर बदलायला: मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ४७प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. मालकी बदलाची मुदत वेगळी आहे आणि ती कलम ५०मध्ये आहे. घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं. विकणाऱ्याने त्याच राज्यातली विक्री असेल तर चौदा दिवसांत, आणि परराज्यातली असेल तर पंचेचाळीस दिवसांत एनओसीसह आपलं काम पुरं करायचं. लोक पहिलं कलम तोंडपाठ म्हणतात, दुसरं त्यांच्या गावीही नसतं.

तक्रार कशी आली

तीन आठवड्यांनी रात्री साडेनऊला गुरुजींचा फोन वाजला. पाटणे फाट्याजवळ गाडीचं स्टिअरिंग अचानक जड झालं होतं, डॅशबोर्डवर दिवा लागला होता. त्याआधी आठवडाभर सेंट्रल लॉक आपोआप उघडत होतं, ते पाहुण्यांनी मनावर घेतलं नव्हतं. गाडी गडहिंग्लजच्या गॅरेजात नेली. तिथल्या वायरिंगवाल्याने पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं तर खाली वाळलेल्या गाळाचा थर, सीटच्या बोल्टांना गंज आणि वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवट बुरशीसारखा थर. त्याने फोटो काढले, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावरची चिखलाची रेषही दाखवली आणि निकाल दिला: पुरातली गाडी. खर्चाचा अंदाज ६२ हजार.

चंदगड भागात हे शब्द साधे नाहीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये ताम्रपर्णीचं पाणी कोवाडच्या बाजारपेठेत शिरलेलं या लोकांनी बघितलंय. कोल्हापूर-सांगलीत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावांत विकल्याच्या गोष्टी त्यांनी ऐकल्यात. म्हणूनच सौद्याच्या दिवशी पाहुण्यांनी मुद्दाम विचारलं होतं, 'गुरुजी, गाडी पाण्यात गेल्याली न्हवं न्हवं?'

आणि गुरुजींनी सांगितलं होतं, 'नाही ओ, इंजिनात थेंब गेला नाही कधी.'

फोनवर दोन्हीकडून आवाज चढले. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर गाळाचा फोटो आणि खाली ओळ: 'बेळगावच्या मास्तरनं पुरातली गाडी गळ्यात मारली.' संध्याकाळपर्यंत तो फोटो गुरुजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून गुरुजींनाच परत आला. पैशापेक्षा हेच त्यांना जास्त लागलं असावं, असा माझा अंदाज. पाहुण्यांचे मामा म्हणाले की दोन दिवसांत पूर्ण पैसे परत करा नाहीतर पोलिसांत चारशेवीसची तक्रार देतो. जावई म्हणाले, 'विषय संपला. बाँडवर सही आहे. नंबर ब्लॉक करा.'

गुरुजींनी नंबर ब्लॉक केला नाही. फाइल घेऊन ते माझ्याकडे आले.

पाणी खरोखर आलं होतं का

मी आधी तेच विचारलं, कारण त्याशिवाय पुढचा कुठलाच सल्ला देता येत नव्हता.

ऑगस्ट २०१९च्या पहिल्या आठवड्यात बेळगावात जो पाऊस झाला त्यात बळ्ळारी नाला फुगला आणि शहापूर-वडगावच्या बाजूचं सगळं शिवार पाण्याखाली गेलं. गुरुजींच्या अंगणात पाणी आलं. गाडी उभी होती. पाणी दाराच्या खालच्या पट्टीच्या वर चढलं आणि एक रात्र राहिलं. इंजिन त्यांनी चालू केलं नाही, हे शहाणपण. पाणी ओसरल्यावर गाडी टो करून कंपनीच्या गॅरेजात नेली, तिथे ऑइल-फिल्टर बदलले, कार्पेट काढून वाळवलं, ब्रेक साफ केले. विम्यातून पैसे मागितले नाहीत, बिल फार नव्हतं. पुढची पाच वर्षं गाडी उत्तम चालली. त्यांच्या हिशेबी गाडी 'पाण्यात गेली' नव्हती, अंगणात पाणी आलं होतं आणि इंजिन वाचलं होतं. प्रश्न पूर्ण गाडीचा होता, उत्तर इंजिनापुरतं दिलं गेलं.

ते जाणूनबुजून फसवत होते असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण माझ्या वाटण्याला तक्रारीत किंमत शून्य. मी त्यांना म्हटलं, तुम्ही खरं बोललात की खोटं हे बाजूला ठेवा. ऐकणाऱ्याने काय समजून पैसे दिले ते बघू.

समोरचे पर्याय

गप्प बसणं. जावयांचा आग्रह याचाच. याला आधार अगदीच नाही असं नाही. वस्तू विक्री कायदा, १९३०च्या कलम १६चा सर्वसाधारण नियम असा की वस्तूच्या दर्जाबद्दल आपोआप कोणतीही हमी धरली जात नाही. त्याला अपवाद आहेत, पण ते मुख्यतः तो धंदा करणाऱ्या विक्रेत्यासाठी. गुरुजींनी आयुष्यात ही एक गाडी विकली. त्याच कारणाने ग्राहक आयोगात त्यांना ओढणंही पाहुण्यांना जड गेलं असतं, कारण ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार व्यापारी, उत्पादक, सेवा देणारे यांच्यावर होते आणि घरची गाडी विकणारा माणूस व्यापाऱ्याच्या व्याख्येत सहज बसत नाही.

पण 'आहे त्या स्थितीत' हे शब्द चुकीच्या उत्तरावर पांघरूण घालत नाहीत. करार कायदा, १८७२मध्ये फक्त गप्प राहणं आणि विचारल्यावर चुकीचं सांगणं यांत फरक केलाय. न विचारलेल्या गोष्टीवर गप्प राहिलं तर ती सहसा फसवणूक धरत नाहीत. विचारल्यावर दिलेलं उत्तर, स्वतःला खरं वाटत असलं तरी, वस्तुस्थितीला सोडून असेल तर कलम १८प्रमाणे चुकीचं निवेदन ठरू शकतं. त्यावर कलम १९ घेणाऱ्याला दोन वाटा देतं: करार रद्द करा, किंवा करार ठेवून 'तुम्ही सांगितलं ते खरं असतं तर मी ज्या जागी असतो तिथे मला आणा' असं मागा. या दुसऱ्या वाटेनेच पुढे तोडगा निघाला. त्याच कलमाला एक अपवादही आहे: साधी काळजी घेऊन खरं कळण्यासारखं होतं, तर करार रद्द करता येत नाही. मिस्त्री बरोबर आणला होता आणि त्याने कार्पेट उचललं नाही, ही पाहुण्यांची दुबळी बाजू. शिवाय जाहिरातीतलं 'एक रुपयाचं काम नाही' हे वाक्य फोटो काढून ठेवलेलं होतं, ही गुरुजींची.

गाडी परत घेऊन पैसे परत देणं. गुरुजी एका क्षणी यालाही तयार झाले, वैतागून. अडचण अशी की पैसे घराच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये गेले होते. शिवाय पाहुण्यांनी तीन आठवड्यांत गाडी दीडएक हजार किलोमीटर चालवली होती, त्याचा हिशेब वेगळा. आणि परत आलेली गाडी 'पुरातली' म्हणून गाजल्यावर घेणार कोण?

वकिलाची नोटीस आणि कोर्ट. पाहुण्यांना तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा लावता आला असता. दावा बेळगावात लावायचा की चंदगडला, इथूनच वाद सुरू झाला असता. ६२ हजारांसाठी एक राज्य ओलांडून तारखांना यायचं, त्यात इथल्या कोर्टाचे कानडी कागद कोणीतरी समजावून सांगायचे. पोलिसांचं म्हणाल तर 'चारशेवीस' हा शब्द लोकांच्या जिभेवरून जायचा नाही, पण १ जुलै २०२४पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. आणि नंबर कोणताही असला तरी सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. ठाण्यावर बहुतेक वेळा 'हे दिवाणी आहे, आपसात मिटवा' हेच ऐकायला मिळतं.

दुरुस्तीचा खर्च वाटून घेणं. ऐकायला सोपं. पण ६२ हजारांतलं पाण्याचं किती आणि दहा वर्षांच्या झिजेचं किती, हे कळल्याशिवाय वाटणार काय?

ज्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं

फाइल चाळताना गुरुजींचा मोबाइल वाजला. पार्किंगच्या दंडाचा मेसेज होता, ठिकाण कोल्हापूर. गुरुजी म्हणाले, 'मी तर इथं बसलोय!'

गाडी अजून त्यांच्याच नावावर होती. दंड किरकोळ. पण त्याच गाडीखाली कोणी आलं असतं तर? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचं नाव, तोच भरपाईच्या दृष्टीने मालक. त्या खटल्यात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, तरी जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच आली. बाँडवरची 'पुढील सर्व जबाबदारी घेणाराची' ही ओळ त्या दोघांच्यात चालते, अपघातात जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाला ती बांधत नाही. दलालाकडून, म्हणजे नोंदणी केलेल्या डीलरमार्फत, गाडी गेली असती तर १ एप्रिल २०२३पासूनच्या नियमांनी गाडी ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर जाऊन डीलर जबाबदार धरला जातो. थेट सौद्यात अशी मधली पायरी नाही.

विम्याचंही तसंच. पॉलिसी गुरुजींच्या नावावर, जानेवारीत संपणारी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७प्रमाणे तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं, आणि नाव बदलायला चौदा दिवसांत अर्ज द्यायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र आपोआप जात नाही. म्हणजे पाहुण्यांनी गाडी ठोकली असती तर त्यांना एक रुपया मिळाला नसता, आणि अर्ज केलेला नव्हताच.

आता रुसून पाहुण्यांनी फॉर्म दाबून ठेवले आणि रागाने गुरुजींनी एचपीचं काम लटकवलं, तर सगळ्यांत मोठी जोखीम कोणाची? गुरुजींचीच. हे कळल्यावर जावयांचा सूर उतरला. इथून पुढे माझ्या मते भांडण पाण्याचं राहिलं नव्हतं. नोंदणी लवकर बदलायची असेल तर पाहुण्यांना आपल्या बाजूला घ्यावं लागणार होतं, आणि कोर्टाची धमकी देऊन ते झालं नसतं.

काय केलं

गुरुजींनी त्याच दिवशी माझ्यासमोर फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून घेतलं होतं. चूक कबूल करायची नाही, नाकारायचीही नाही. 'फोटो बघितले, काळजी वाटली. गाडी दुरुस्तीला टाकू नका, आधी दोघांच्या समोर उघडून बघू. तोवर चालवूही नका, स्टिअरिंगचा प्रश्न आहे.' शेवटचं वाक्य गुरुजींनी स्वतःहून घातलं. पाहुण्यांचा आवाज तिथे पहिल्यांदा खाली आला. आईला दर महिन्याला बेळगावला दवाखान्यात आणायला म्हणून त्यांनी गाडी घेतली होती, हेही तेव्हाच कळलं.

दुसरं काम आरटीओचं. बँकेचं जुनं पत्र चालेना, नवं आणावं लागलं, त्याबरोबर फॉर्म ३५. एचपी काढायचा अर्ज तोडग्याची वाट न बघता घातला. पाहुणे काय करतात ते बघून आपण करू, हा खाक्या इथे महागात पडला असता.

मग शिनोळीला बैठक झाली. बाची ओलांडली की लगेच महाराष्ट्र, दोन्हीकडच्या लोकांना सोयीचं, आणि कोणाच्याच दारात जायला नको. एका चहाच्या हॉटेलात पाहुणे, मामा, गुरुजी, जावई आणि मी.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी फाइलीतून एक कागद निघाला होता: २०१९च्या ऑगस्टचं जॉबकार्ड, म्हणजे गॅरेजातली कामाची नोंद. 'पाणी शिरल्याची तक्रार, कार्पेट काढून वाळवणे.' तारीख, किलोमीटर, सही. जावयांचं म्हणणं, हा कागद कुठेही जाऊ देऊ नका, आपल्याच विरुद्ध पुरावा देतोय आपण. बोलणं चुकीचं नव्हतं. माझं मत असं होतं की कंपनीच्या गॅरेजात गाडीच्या नंबरावर ही नोंद आहेच, पाहुण्यांनी चौकशी केली तर ती निघणार. तेव्हा निघाली तर 'लपवलं' म्हणतील, आज दिली तर 'सांगितलं' म्हणतील. निर्णय गुरुजींचा होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'नेऊया की. त्यात इंजिनाचं ऑइल बदलल्याचंही आहे.'

शिनोळीला मामांनी सुरुवात जोरात केली. 'मास्तर मानसानं असं करायचं असतंय का ओ?' गुरुजींनी जॉबकार्ड टेबलावर ठेवलं आणि त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं ते सांगितलं. पाहुणे म्हणाले, 'मग त्या दिवशीच सांगायचं न्हवं काय ओ, गुरुजी?' गुरुजी म्हणाले, 'इंजिन वाचलं म्हणजे गाडी वाचली असंच मी धरलं होतं. तुम्ही पूर्ण गाडीचं विचारलेलं, मी अर्धंच उत्तर दिलं.' मामांचा पुढचा चहा शांततेत गेला.

ठरलं ते एवढंच: गाडी गडहिंग्लजच्या गॅरेजात नाही आणि गुरुजींच्या ओळखीच्या गॅरेजातही नाही. उद्यमबागेतला एक वायरिंगचा जुना कारागीर दोघांनाही अनोळखी होता, त्याच्याकडे. तपासणीचा खर्च निम्मा निम्मा, आणि तो जे सांगेल ते लिहून घ्यायचं.

तपासणीत ६२ हजारांचे तीन तुकडे झाले. सुमारे साडेसव्वीस हजारांचं काम थेट पाण्याचं निघालं: स्टिअरिंगच्या मोटरला जाणारी जोडणी, फरशीवरून जाणाऱ्या वायरिंगचा गंजलेला भाग, लॉकचं कंट्रोल युनिट, सीटच्या पट्ट्या. साडेएकोणीस हजार क्लच आणि सस्पेन्शनचे, म्हणजे दहा वर्षं आणि ९४ हजार किलोमीटरची झीज. पाणी आलं नसतं तरी ते आलंच असतं. उरलेले सोळा हजार सगळं वायरिंग नवं घालण्याचे होते. कारागिराने सांगितलं की त्याची गरज नाही, गंजलेला तुकडा कापून जोडता येतो.

यात गडहिंग्लजच्या गॅरेजवाल्याने फसवलं असं म्हणायचं कारण नाही. अर्धवट गंजलेली वायरिंग दुरुस्त करून पुन्हा बिघडली तर बोल त्यालाच लागणार, म्हणून तो नवीच सांगतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र सगळा आकडा पाण्याचाच वाटतो, आणि भांडण त्या आकड्यावर पेटतं.

तोडगा आणि निकाल

पाहुण्यांनी ४० हजारांपासून सुरुवात केली, जावयांनी १५ हजारांपासून. २५ हजारांवर थांबले. रक्कम कशी द्यायची यावर मात्र मी अडून बसलो. १५ हजार थेट उद्यमबागेतल्या कारागिराला, काम झाल्यावर, बिलावर. उरलेले १० हजार एमएच-०९चा, म्हणजे कोल्हापूरचा, नंबर पडून आरसी पाहुण्यांच्या नावे झाली की. पैसे मिळायचे तर नोंदणी लागणार, आणि नोंदणी हवी तर गुरुजींना एनओसी द्यावी लागणार. दोघांच्याही हातात एकेक दोरी राहिली.

समजुतीचा कागद मराठीतच केला, कारण दोघांना तोच वाचता येतो. २०१९ला गाडीत पाणी आलं होतं आणि हे घेणाराला आता माहीत आहे. क्लच आणि सस्पेन्शन घेणाराचं. विक्रीच्या तारखेनंतरचे दंड घेणाराचे. या विषयावर पुन्हा कोणी काही मागायचं नाही. 'स्टेटस काढून टाकायचं' ही अट जावयांना हवी होती. गुरुजींनी ती कागदावर घालू दिली नाही. पाहुण्यांनी ते स्टेटस शिनोळीहून परत जातानाच काढलं होतं.

पंचेचाळीस दिवसांची मुदत हुकली, एचपीमुळे. एनओसी जानेवारीत मिळाली, तोवर कोल्हापूरचा दंड पाहुण्यांनी भरला होता. जुनी पॉलिसी संपेपर्यंत गाडी गावातच उभी ठेवायची आणि नवी पाहुण्यांच्या नावे घ्यायची, हे दोघांनी पाळलं. गुरुजींना त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्यातून पैसे न मागितल्याबद्दलची सूट, मिळाला. तो माणसाचा असतो, गाडीबरोबर जात नाही. महाराष्ट्राचा टॅक्स भरताना पाहुण्यांचा चेहरा पडला, कारण सौद्याच्या वेळी तो खर्च त्यांनी धरलाच नव्हता. एमएच-०९चा नंबर मार्चमध्ये पडला आणि गुरुजींनी १० हजार त्याच दिवशी पाठवले.

वेगळं काय करता आलं असतं

गुरुजींच्या बाजूने सगळ्यांत स्वस्त उपाय जॉबकार्डाची झेरॉक्स होता. सौद्याच्या दिवशी ती आरसीबरोबर दिली असती तर पाहुण्यांनी कदाचित दहा-पंधरा हजार कमी केले असते, कदाचित गाडी घेतलीही नसती. पण बाँडवर 'पाणी आल्याची माहिती दिली, कागद दिला' ही ओळ असती तर तीन आठवड्यांनंतरच्या फोनला उत्तर तयार असतं. छापील बाँडमध्ये अशी जागाच नसते. मी आता लोकांना हाताने चार गोष्टी लिहायला लावतो: अपघात, पाणी, रंगकाम, इंजिन उघडलंय का. उत्तर 'माहीत नाही' असेल तर 'माहीत नाही'च लिहायचं. त्यावर काहीजण सौदा मोडतो म्हणून चिडतात. मोडू दे.

एचपी काढल्याशिवाय परराज्यात विकायची गाडी जाहिरातीत टाकूच नये, या मताचा मी आहे. इसार घ्या, तारीख द्या, पण गाडी आणि किल्ली एनओसीचा अर्ज गेल्यावर. सीमेवर हे पटवणं अवघड आहे. समोरचा माणूस वीस-पंचवीस किलोमीटरवरचा, बोली तीच, बाजार बेळगावचाच; त्याला परराज्यातला मानायला कोणाचं मन घेत नाही. आरटीओच्या लेखी मात्र चंदगड आणि मुंबई सारखीच.

पाहुण्यांच्या बाजूने: मिस्त्री इंजिनाचा होता, आणि भीती पाण्याची होती. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायला, पुढच्या सीटखाली हात घालायला आणि कार्पेटचा कोपरा उचलायला पाच मिनिटं लागतात आणि अवजार लागत नाही. हेडलाइटच्या काचेच्या आत धुकं आणि सीटच्या नटबोल्टांवरचा गंज तर उभ्या उभ्या दिसतो. गाडीच्या नंबरावर कंपनीच्या गॅरेजातली जुनी नोंद बघायची असेल तर मालकाला बरोबर घेऊन जावं. तो टाळत असेल तर तेही उत्तरच. स्टेटस टाकायची घाईही त्यांना नडली असती. गुरुजींच्या जागी दुसरा कोणी असता तर त्या स्टेटसवर बदनामीची नोटीस येऊन मूळ विषय बाजूला राहिला असता.

एका गोष्टीवर माझं आणि जावयांचं अजून एकमत नाही. ते म्हणतात, थोडं ताणलं असतं तर पाहुणे १५ हजारांवर आले असते. आलेही असते. पण मग नोंदणी बदलायला पाहुण्यांनी मार्चऐवजी दिवाळी गाठली असती, आणि तोवर गाडी गुरुजींच्या नावावर आंबोली घाटात फिरत राहिली असती. हा धोका किती रुपयांचा, हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून तो हिशेबात धरायचाच नाही असं त्यांचं म्हणणं.

एक धागा लोंबकळतोय. गुरुजींनी २०१४ला कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स भरला होता. गाडी कायमची दुसऱ्या राज्यात गेली की राहिलेल्या काळाच्या हिशेबाने त्यातला काही भाग परत मागता येतो. तो गुरुजींचा की पाहुण्यांचा, यावर ना बाँडमध्ये ओळ होती ना समजुतीच्या कागदात. गुरुजी म्हणतात मी भरला, पाहुणे म्हणतात गाडी माझी. अर्जासाठी पाहुण्यांच्या नव्या आरसीची प्रत लागणार आहे. ती त्यांनी अजून पाठवलेली नाही, आणि गुरुजींनी दुसऱ्यांदा मागितलेली नाही.